समेवर उतरणारी रेकॉर्ड

नमस्कार मंडळी.

आपल्या मंडळातल्या काही मुलांना 1988 ते 1992 या काळातलं ब्रिटिश रेव्ह संगीत, म्हणजे रात्रभर नाचायच्या पार्ट्यांचं इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवायचंय, तेही रेकॉर्डवर आणि दोन रेकॉर्डची गती कानाने जुळवून. मला याचा मनापासून आनंद आहे. त्यांच्यासाठी आज कामाचं तेवढं बोलू.

आधी मुंबईचा धागा. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. ठेका रोलँड कंपनीच्या टीआर-808 या ठेका देणाऱ्या यंत्राचा, बेस त्यांच्याच टीबी-303 या छोट्या सिंथेसायझरचा. हेच 303 पाच वर्षांनी शिकागोच्या अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीतात किंचाळू लागलं आणि 1988 च्या उन्हाळ्यात इंग्लंडभर घुमलं. शिकागोवाल्यांनी सिंग यांना ऐकलं नव्हतं, वाद्य तेवढं एक.

आता टर्नटेबल. टेक्निक्स एसएल-1200 एमके2, दोन. अँटिस्केट (सुईची दांडी आत ओढली जाऊ नये म्हणून असलेली चकती) शून्यावर ठेवून दांडीमागचं वजन फिरवा, दांडी हवेत आडवी तरंगली की वजनावरचा आकडा शून्यावर आणा, मग सुईला ठरलेला भार द्या. डीजेच्या बऱ्याच सुयांना तो 3 ग्रॅमच्या आसपास असतो. सुई उडते म्हणून वर नाणं चिकटवू नका. खाच घासते आणि झांजेचा बारीक आवाज आधी जातो. अनेकदा सुई उडण्याचं मूळ पोकळ लाकडी मंचात असतं. स्पीकरचा बेस फळ्यांतून सुईत शिरतो, पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो आणि हॉल घोंगावू लागतो. टर्नटेबलखाली फरशीचा जड दगड आणि दगडाखाली फोम ठेवा.

जुळवणीचा हिशेब आपल्या कानाला परका नाही. चार मात्रांचे आठ बार म्हणजे 32 मात्रा, म्हणजे तीनतालाची दोन आवर्तनं. नवं वाद्य बहुधा तिथेच येतं. तुमच्या दुसऱ्या रेकॉर्डची पहिली मात्रा त्या समेवर पडली पाहिजे.

टर्नटेबलवरचा गतीचा स्लायडर आठ टक्के वर-खाली जातो. मिनिटाला 125 मात्रांची रेकॉर्ड 135 पर्यंत चढेल, 1992 च्या 140 च्या हार्डकोरला, म्हणजे रेव्हच्या वेगवान प्रकाराला, त्याच्या मूळ गतीत गाठणार नाही. मधे 132 वगैरेची एखादी असलेली बरी. शिवाय गतीबरोबर सूरही चढतो, सहा टक्क्यांना जवळजवळ अर्धा स्वर. पियानोच्या दोन रेकॉर्ड एकमेकींवर चढवाल तर हे लगेच टोचतं.

130 च्या गतीला 32 मात्रा पंधरा सेकंदांत संपतात. अर्ध्या टक्क्याची चूक तेवढ्यात मात्रेच्या सहाव्या हिश्श्याइतकी साचते आणि दोन घोडे शेजारी दौडल्यासारख्या टापा ऐकू येतात. नवख्याला कोणती पुढे पळतेय तेच कळत नाही. अशा वेळी येणारी रेकॉर्ड मुद्दाम हळू करा आणि तिथून वर आणा, म्हणजे दिशा पक्की राहते. ब्रेकबीटमध्ये, म्हणजे तुटक ठेक्यात, किक (मोठ्या ड्रमचा ठोका) विखुरलेली असते, तेव्हा कान स्नेअरच्या कडक ठोक्यावर ठेवा. एमके2 चा स्लायडर शून्याजवळच्या खाचेत अडतो, म्हणून पहिलीच रेकॉर्ड दोन टक्के वर लावा. येणाऱ्या रेकॉर्डचा बेस मिक्सरवर कापून ठेवा. समेवर एकीचा काढा, दुसरीचा सोडा. दोन्ही बेस एकत्र राहिले की नुसता गदारोळ होतो.

गोव्यात, हणजुण्याच्या किनाऱ्यावर, रेकॉर्ड उन्हाने वाकत. तिथले डीजे डॅट, म्हणजे छोट्या डिजिटल टेप वापरू लागले. टेपवर गती बदलायची सोय नव्हती, म्हणून एका गाण्याच्या ठेका नसलेल्या शेवटावर दुसऱ्याची ठेका नसलेली सुरुवात चढवायची. गोवा ट्रान्स या तिथल्या नाचाच्या संगीतातल्या लांबलचक सुरुवाती त्यातूनही आल्या.

उन्हात उभ्या गाडीची डिकीही तापते. रेकॉर्ड घरात, सावलीत, उभ्या ठेवा.