काही नाही, जुना वाडा आहे

श्रोतेहो, नमस्कार.

सिंहस्थाची तयारी सुरू झाली की आपल्या नाशकात रस्ते, पूल आणि घाट यांशिवाय दुसरा विषय नसतो. पाहुणे येतात, रामकुंडावर स्नान करतात, काळारामाचं दर्शन घेतात, त्र्यंबकला जाऊन येतात. हल्ली बरेच जण द्राक्षमळेही बघतात आणि गाडी धरतात. मधलं गाव राहून जातं. सराफ बाजार, भद्रकाली, रविवार कारंजा, म्हणजे आपलं जुनं नाशिक. ते पाहुण्यांनी बघितलं नाही, कारण आपण दाखवलं नाही. पुन्हा सांगतो, आपण दाखवलं नाही.

यावरून एक प्रसंग सांगतो. मी जुन्या गावात पातेल्यांना कल्हई करायला दिली होती आणि भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीवर वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात एक जोडपं आलं आणि गल्लीच्या मधोमध उभं राहिलं. दोघांच्या माना वर. मागे दुचाकीवाले हॉर्न वाजवतायत, पण यांचं लक्ष नाही. समोरच्या वाड्याच्या सज्जाखाली लाकडी मोर कोरलेले आहेत, ते बघत होते. त्या गृहस्थांनी दुकानदाराला विचारलं, हे काय आहे? दुकानदार वहीतून मान वर न करता म्हणाला, "काही नाही हो, जुना वाडा आहे."

वरून आवाज आला, "काही नाही कसं? या वर, दाखवते मी!" सज्जात एक आजी कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग काय, जोडपं निघालं, मी निघालो आणि गल्ल्यावर पोराला बसवून दुकानदारही निघाला. दिंडी दरवाजातून वाकून आत गेलो. आजी खाली आल्या होत्या. म्हणाल्या, "आधी हे बघा." दाराशेजारच्या भिंतीत एक चौकोनी भोक होतं. त्यात हात घालून त्यांनी ओढलं, तर भिंतीच्या पोटातून अख्खा अडसर सरकत बाहेर आला. पुरुषभर लांब, मांडीएवढा जाड आणि हातांनी घासून घासून आरशासारखा गुळगुळीत. तो त्यांनी समोरच्या भोकात बसवला. दार बंद! आजी म्हणाल्या, "सासरे रात्री नऊला हा लावायचे. त्याचा आवाज झाला, की पोरांचं बाहेर जाणं संपलं."

ते गृहस्थ अहमदाबादचे, धंदा लाकडाचा. चौकात आल्यावर त्यांनी बोलणंच थांबवलं. दगडी तळखड्यावर उभा असलेला सुरूदार, म्हणजे सुरूच्या झाडासारखा कोरलेला, खांब बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. सागवान. मग खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथे मोबाईलचा उजेड टाकला. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवलेली, वरून लाकडी खुंटी. लोखंडाचा खिळा कुठेच नाही. कित्येक पावसाळे झेलून सांधा बोटभरही सुटलेला नव्हता. ते आजींना म्हणाले, "माँजी, आमच्या पोळमध्ये, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, अशीच घरं आहेत. लोक पैसे देऊन बघायला येतात."

ते खरंच सांगत होते. अहमदाबादच्या महापालिकेने 1997 साली जुन्या शहरातून पायी फेरी सुरू केली, ती पुढे चालू राहिली आणि 2017 साली ते शहर युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आधी लोकांना चालवलं, मान नंतर मिळाला. हा क्रम लक्षात ठेवा.

आजी म्हणाल्या, "पैसे देऊन? तर मग आधी कौलं बदलीन." त्यांची अडचण खरी आहे. पावसाळा आला की धोकादायक वाडा म्हणून नोटीस येते, दुरुस्तीला मात्र मदत मिळत नाही. भाडेकरू आणि भाऊबंद यांच्या सह्या जमेपर्यंत एखादी भिंत बसते. वाडा बघणाऱ्याने दिलेले चार पैसे त्या कौलांपर्यंत पोचले, तरच पर्यटनाला अर्थ आहे.

आणि तो दुकानदार? तो चौकात वर बघत उभा होता. त्याचं दुकान आजोबांपासूनचं, अगदी समोर. मला म्हणाला, "आत आज पहिल्यांदा आलो." नंतर मी पातेली आणायला गेलो, तर तोच एका गिऱ्हाइकाला बाहेर आणून सांगत होता, "वर बघा, वर! ते मोर बघा. आणि आत एक खिळा नाही!"

श्रोतेहो, एवढंच लागतं. वर बघा आणि दोन वाक्यं सांगता येऊ द्या. सरकारवाडा म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं, पण ते नाव ज्यावरून पडलं तो पेशवाईतला वाडा सराफ बाजारात उंच जोत्यावर उभा आहे. नारोशंकराच्या देवळाची घंटा वसईच्या 1739 च्या विजयानंतर आणली असं सांगतात, आणि ते देऊळ 1747 चं. काळारामाच्या दारात 1930 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हेही त्या दगडांबरोबर सांगायला हवं. आणि पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यात थांबा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, ठेवले, महिना शेकडा एक व्याजाने. म्हणजे वर्षाचे दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा. मुद्दल कधी परत करायचं नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीची मुदत ठेव, हिशेबासकट दगडात कोरलेली. गोवर्धन गाव आजही आपल्या शेजारी आहे.

इथे एक बोलतोच. काळ्या दगडाच्या देवळांना ऑइलपेंट फासणं बंद करा. रंगाखाली कोरीव काम बुजतं, दगडात ओल अडकते आणि मग पापुद्रे सुटतात. सणाला फुलांची माळ बांधा, दिवे लावा, पण डबा उघडू नका. आणि वाढदिवसाचे फ्लेक्स वाड्यांच्या सज्जाला बांधणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, तुमच्या साहेबांचा चेहरा चौकात लावा, मोरांवर नको.

वारसा म्हणजे फक्त पेशवाई, असंही नाही. नाशिकरोडच्या मुक्तिधाम मंदिराच्या भिंतींवर गीतेचे अठराही अध्याय आहेत. देवळालीची आरोग्यधामं आणि खोल व्हरांड्यांचे बंगले बघा. नाशिकरोडचं 1925 सालचं सिक्युरिटी प्रेस, म्हणजे सरकारी छापखाना, आत जाऊन बघता येणार नाही, पण त्याने एक अख्खं उपनगर वसवलं. 1950-60च्या दशकांतले गोल सज्जांचे बंगलेही पाडण्याआधी निदान फोटो काढून ठेवा.

येत्या रविवारी घरात पाहुणे असतील, तर सकाळी सातला निघा. त्या वेळी गल्ल्या मोकळ्या असतात आणि उजेड तिरपा पडतो, कोरीव काम उठून दिसतं. सरकारवाड्यापासून सुरुवात करा, रविवार कारंजावरून सुंदरनारायण, मग होळकर पूल ओलांडून रामकुंड, दुतोंड्या मारुती, नारोशंकर आणि शेवटी काळाराम. कोणाच्या वाड्यात शिरण्याआधी कडी वाजवा, विचारा, चपला बाहेर काढा. आजी-आजोबा भेटले तर थोडा वेळ बसा, घाई करू नका. आणि निघताना दाराशी भिंतीत चौकोनी भोक दिसलं, तर अडसर अजून आहे का, तेवढं विचाराच.

नमस्कार.