निस्सानचा पुढचा आख (फिल्मचं निवेदन)

(पहाट. घरासमोरच्या रुंद रस्त्यावर उभा निळा ट्रक. पुढच्या डाव्या चाकाखाली तेलाचा डाग.)

हा डाग वर्षभर आमच्या दारात आहे. आई त्याच्यावर राख टाकते, झाडून काढते, आणि चार दिवसांनी तो पुन्हा तिथंच असतो.

गाडी म्हणजे निस्सान. वनटन, म्हणजे एक टन माल वाहणारी. कधीकाळी लष्कराची. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जपानी परवान्यावर तयार झालेली, चारही चाकांनी ओढणारी. मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन जाऊन आता डिझेल आलंय. लष्करी हिरवा रंग खासगी गाडीला चालत नाही, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तिला निळा दिला. पण मडगार्डच्या आत नखानं खरवडलं की अजून हिरवाच निघतो.

आमचं गाव औसा तालुक्यातलं, तेरणेच्या खोऱ्यातलं. हे रस्ते एवढे रुंद का, असं पाहुणे विचारतात. कारण हे गाव भूकंपानंतर नव्यानं वसवलंय. जुन्या गावात दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी, ते गाव संपलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. माणसं गणपती बोळवून उशिरा झोपली होती. अण्णा तेव्हा बारा वर्षांचे होते. नंतरच्या पावसात, चिखलात लष्कराच्या गाड्या आल्या, त्यातल्या एका वनटनमधून त्यांच्या हातात पाण्याचं भांडं आलं, एवढंच ते सांगतात. आजोबा, आमचे आबा, ते तेवढंही सांगत नाहीत.

आबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. लष्कराची शक्तिमान ट्रक चालवली, वनटन चालवली. २००४ साली अण्णांनी लिलावातली ही गाडी एका व्यापाऱ्याकडून घेतली, तेव्हा कागदपत्रांआधी आबांनी तिच्याखाली आडवं होऊन पुढचा आख बघितला होता.

(आबा खाटेवर. समोर पसरलेल्या गोणपाटावर हत्यारं.)

साध्या ट्रकचा पुढचा आख भार पेलतो आणि वळतो. हिचा आख चाक फिरवतोसुद्धा. म्हणून तो आतून पोकळ आहे. मधल्या पोलादी डब्यात, म्हणजे हाऊसिंगमध्ये, दातऱ्या, त्या बुडतील एवढं नव्वद नंबरचं ऑइल, आणि दोन्ही बाजूंना चाकापर्यंत जाणारे फिरते दांडे, म्हणजे एक्सल. टोकाला नारळाएवढा पोलादी गोळा, त्याच्यावर फिरून चाक वळवणारी नकल, आणि गोळ्याच्या पोटात वळणारा सांधा. हाऊसिंगमध्ये पातळ ऑइल, गोळ्यात घट्ट ग्रीस. दोघांच्या मध्ये भिंत एकच, बांगडीएवढं रबरी ऑइल सील.

ते गेलं की ऑइल गोळ्यात उतरतं, ग्रीसचा काला होतो, काला गोळा पुसणाऱ्या बाहेरच्या कड्यातून, म्हणजे वायपरमधून, टायरवर येतो. हबपर्यंत, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यापर्यंत, पोचला तर ब्रेकच्या लायनरवर. आमचं तेच झालं होतं. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडे ओढायची, कारण तेल प्यायलेलं डावं चाक धरतच नव्हतं.

आबा म्हणाले, "बैलगाडीच्या आखातलं वंगण गळलं तर गळू द्यायचं. गाडीखाली वंगणाची नळी टांगलेलीच असायची, परत घालायचं. हितं वंगण कोंडून ठेवायचं हाय. काम दुसरं हाय."

सील आम्ही पहिल्यांदा बदलत नव्हतो. याआधी एका गॅरेजात बदललं होतं, आणि तीन महिन्यांत डाग परत आला. या वेळी अण्णांनी ठरवलं की घरीच खोलायचं आणि मिरगाच्या आत गाडी उभी करायची. पेरणीला सोयाबीनचं बी, खत, वाटेत बिघडलेला कुणाचा ट्रॅक्टर, सगळं तिच्यावरच असतं.

(चाक उतरतं. गाडीखाली बाभळीचे ओंडके.)

नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली आबा कुणाला हातसुद्धा घालू देत नाहीत. मागच्या चाकांना दगड, आखाखाली दोन्हीकडे ओंडके, मग जॅक सैल, मग गाडी हलवून बघायची. हे होईपर्यंत पाना उचलायचा नाही.

मग टोपण, फ्लँज, लॉकनट, वॉशर, हब. ड्रम निघाल्यावर माझा धाकटा भाऊ फुंकर मारायला वाकला, तर आबांनी त्याची मान धरून मागं ओढलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ती धूळ छातीत बसते, ती उडवायची नाही, पाण्यानं भिजवून पुसून घ्यायची. लायनर आम्ही दोन्ही चाकांचे बदलले. एका बाजूचे नवे आणि दुसरीकडचे जुने ठेवले तर गाडी पुन्हा एकीकडे ओढणारच.

एक्सल ओढला तेव्हा घमेल्यात जे आलं, ते मी जवळून टिपलंय. बघा.

(घमेलं. राखाडी, दुधाळ काला.)

ऑइल काळं असतं, ग्रीस पिवळं किंवा तांबडं. हे ताकासारखं झालंय. म्हणजे आत पाणी गेलंय. तेल बाहेर येतंय हे वर्षभर दिसत होतं. पाणी आत जातंय हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

अण्णा खाली बसले. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, त्यात ही गाडी कितीतरी वेळा ओढ्यातून गेली होती. पण पाण्यातून जाणं हे तर हिचं कामच. त्यासाठीच बनवलीय ती. मग पाणी शिरलं कसं?

आबा खाटेवरून उठले. कुणाशी न बोलता गाडीखाली सरकले आणि हाऊसिंगच्या माथ्यावर बोटानं चाचपायला लागले. तिथं काळ्या मातीचा गोळा होता. आपली ही माती ओली असताना लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. स्क्रू ड्रायव्हरनं टोकरल्यावर तिच्यातून करंगळीच्या पेराएवढी पितळी टोपी निघाली. ब्रीदर. आबांनी ती तोंडात धरून फुंकली. गाल फुगले, हवा गेली नाही.

"श्वासच कोंडलाय तिचा," ते म्हणाले.

माझ्या दृष्टीनं सगळ्या फिल्मचा ऐवज या टोपीत आहे, म्हणून जरा थांबते. गाडी चालली की हाऊसिंग तापतं. आतली हवा तीस अंशांवरून नव्वदवर गेली तर तिला जवळजवळ एक पंचमांश जास्त जागा लागते. ब्रीदर उघडा असेल तर ती निघून जाते. बुजला असेल तर ती वाट शोधते, आणि आखात सगळ्यात नरम जागा सीलचीच. हवा ऑइलला रेटते, ऑइल सीलचा ओठ उचलतं. उलट, तापलेला आख ओढ्याच्या गार पाण्यात गेला की हवा आकसते, ओढ लागते, आणि त्याच ओठाखालून पाणी आत खेचलं जातं. गॅरेजवाल्यानं सील चांगलंच बसवलं होतं. आम्ही इतके दिवस त्याला उगीच बोल लावत होतो.

आता सील. या गाडीचं नाव सांगून लातुरात सील मिळत नाही. अण्णांनी दुकानात नाव सांगितलंच नाही. जुनं सील पुसलं, त्याच्यावर कोरलेले तीन आकडे वाचले, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. ते झिजलेले होते, म्हणून व्हर्नियरनं पुन्हा मोजले, एक्सलही मोजला. दुकानदारानं खोक्यातून तेच माप काढून दिलं. दोन बाजूंची दोन, आणि अण्णांनी एक वरकड घेतलं.

गोळ्यावरच्या वायपरमधलं नमद्याचं, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं, कडं मात्र कुठंच मिळालं नाही. ते आईनं केलं. जुनं कडं कागदावर ठेवून तिनं बेतलं, नमदा कापला, कापताना केसभर मोठाच ठेवला.

"ब्लाऊजची बाही बेततानाबी एवढं सोडावंच लागतं," ती म्हणाली. कडं रात्रभर ऑइलात भिजत ठेवलं.

(रात्र. बल्बच्या उजेडात पाच माणसांचे हात.)

सील बसवणं पाच मिनिटांचं काम आणि त्यात चुकायला दहा जागा. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. सील बसतं ती खाच पुसून कोरडी, ओठाला बोटानं ग्रीस. हातोडा थेट सीलवर नाही, त्याच मापाच्या पाइपाच्या तुकड्यावर, आणि ठोके चारी अंगांनी हलके. एक्सलवर जुन्या सीलनं बारीक खाच पाडली होती. अण्णांनी नवं सील दोन मिलिमीटर आत दाबलं, म्हणजे ओठ गुळगुळीत जागेवर बसेल.

मग एक्सल परत घालायचा. तो जड, त्याच्या टोकाला खाचा. सुटला, तर त्याच खाचा नव्या सीलचा ओठ कापणार. अण्णांनी सांध्याकडून उचलला, भावानं मधे कापडाचा झोळ धरला, मी बॅटरी. आबा नुसते ऐकत होते. दातरीत खाचा जुळल्यावर एक बारीक टक् असा आवाज येतो. तो माईकवर आलाय.

हबचा नट आबांनी स्वतः आवळला. चाक फिरवत आवळायचा, जड झाला की किंचित मागं घ्यायचा, मग लॉक. हाऊसिंगमधलं सगळं दुधाळ ऑइल काढून नवं भरलं, गोळ्यात नवं ग्रीस. उजवी बाजू दुसऱ्या दिवशी, दुपारच्या आत. तिथंही ताकच निघालं, थोडं कमी.

ब्रीदर डिझेलात धुतला, पण नुसता परत लावला नाही. तिथून रबरी नळी चेसिसवरून बॉनेटच्या उंचीपर्यंत नेली, टोक खाली वळवलं. आता ओढ्याचं पाणी मडगार्डला लागलं तरी ती वरून श्वास घेईल.

(ओढा. ट्रक उतरतो, पलीकडे चढतो.)

संध्याकाळी औशापर्यंत जाऊन आलो, म्हणजे आख चांगला तापेल. येताना मुद्दाम ओढ्यातून. दारात आल्यावर आईनं दोन्ही चाकांखाली वर्तमानपत्र अंथरलं. सकाळी उचललं तेव्हा त्यावर ओढ्याचा वाळलेला चिखल होता. तेल नव्हतं. तिसऱ्या दिवशी अण्णांनी लेव्हलचा बोल्ट खोलून करंगळी घातली. ऑइल स्वच्छ, काठापर्यंत.

लष्करात गाडीसोबत कार डायरी असायची. आबांनी ती सवय सोडलेली नाही. शाळेच्या वहीत त्यांनी लिहिलंय ते असं: पुढचा आख. सील दोन्ही नवे. लायनर दोन्ही नवे. नमदा सूनबाईनं कापला. ब्रीदरची नळी वर घेतली. पुढची तपासणी पोळा झाल्यावर.