चवळीच्या डब्यातलं गणित

नमस्कार श्रोतेहो. यावल तालुक्यात, तापीकाठच्या एका शाळेत मी नववीला गणित शिकवतो. सांख्यिकीचा धडा आला की पूर्वी फळ्यावर वारंवारता सारणी काढायचो. मुलं उतरवून घ्यायची, मार्कही मिळवायची. पण हे आकडे मुळात येतात कुठून, ते त्यांना कळत नव्हतं. त्याची मला खंत होती.

यंदा वर्गात चवळीचा डबा नेला. सगळे दाणे न मोजता किती आहेत ते सांगायचं. 50 दाणे लाल शाईने रंगवले, वाळवून परत डब्यात टाकले, खूप ढवळले. एका गटाने मूठ काढली. 40 दाणे, त्यात 4 लाल. म्हणजे दहात एक लाल. लाल एकूण 50, तर डब्यात 500! नदीतले मासेही असेच मोजतात. पकडायचे, खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं.

मूठ परत टाकून, ढवळून दुसऱ्या गटाने 42 दाणे काढले, त्यात 6 लाल, उत्तर 350. तिसऱ्याचे 45, त्यात 3, उत्तर 750. "आमनं बरोबर शे!" म्हणून वर्गात एकच गलका. मला तेच हवं होतं. डबा एक, मग उत्तरं तीन कशी? हा प्रश्न सूत्राच्या आधी पडायला हवा. तिन्ही मुठी एकत्र धरल्या, 127 दाण्यांत 13 लाल, तर उत्तर आलं सुमारे 488. मग मुलांनी सगळा डबा मोजला. 512 भरले.

दुसऱ्या दिवशी लाल दाणे मुद्दाम वर ठेवले, ढवळू दिलं नाही. 40 त 20 लाल, उत्तर 100! तेव्हा कापूसवाल्या घरातल्या एका मुलीने विचारलं, "सर, पीक कापणीचं शेत कसं ठरवतात? रस्त्याकडेचंच घेतलं तर?"

काय सुंदर प्रश्न! पीक कापणी प्रयोगात थोड्या शेतांतला ठरावीक तुकडा कापून, तोलून सगळ्या भागातल्या पिकाचा अंदाज काढतात. त्यासाठी शेत यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी उचलल्यासारखं निवडायचं असतं, कुणाच्या पसंतीने नाही. ही रीत आपल्या देशात रुजवणाऱ्यांत संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, 1911 साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले. मुलांना मी त्यांच्याबद्दल सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही गावच्या गट नंबरांच्या चिठ्ठ्या करणार आहोत. चिठ्ठ्या त्याच डब्यात टाकायच्या, आणि यावेळी ढवळायचं काम त्या मुलीने मागून घेतलंय.