हिरवं कुंपण छाटताना

नमस्कार मंडळी. आज कुंपणाच्या छाटणीबद्दल बोलू, म्हणजे बारा महिने हिरवं राहतं ते कुंपण, मोरपंखी, कामिनी, ड्युरांटा वगैरे. कात्रीला धार आहे असं धरून चालतो, नसेल तर आधी लावून घ्या, बोथट कात्री फांदी कापत नाही, चावते, आणि मग टोकं तपकिरी पडतात.

तर मी कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. मामाकडे मोरपंखीचं कुंपण होतं, माझ्या छातीएवढं, एकदम दाट. मामा चार दिवस बाहेरगावी गेला होता, म्हटलं येईपर्यंत सरप्राईज देऊ. दोन टोकांना काठ्या रोवून दोरी ताणायची असते हे मला माहीत होतं बरं का, पण म्हटलं दोरी कशाला, डोळा आहे की! डावीकडून सुरुवात केली, मागे सरकून बघितलं तर उजवी बाजू उंच, ती कापली, परत बघतो तर आता डावी उंच. दोन मांजरं, एक माकड आणि लोण्याची गोष्ट आठवतेय ना, त्यातलं माकड म्हणजे मी. ऊन उतरेपर्यंत कुंपण मांडीपर्यंत आलं, आणि कोपऱ्याशी तर नुसत्या काटक्या. मामी दारात आली, बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, भादरलंस की रे!"

मी म्हटलं, फुटेल की महिन्याभरात.

मामा आला, दोन दिवस काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मला कुंपणापाशी नेलं, जिथे शाबूत होतं तिथे फांद्या हाताने बाजूला केल्या आणि म्हणाला, "बघ, हिरवं फक्त बाहेरचं चार बोटं, आत सगळं जुनं लाकूड. या लाकडाला डोळेच नाहीत रे, फुटणार कुठून? आणि तू म्हणे डोळ्याने कापलंस!"

हे लक्षात ठेवा, परत सांगतो: मोरपंखी, सायप्रस असल्या झाडांना हिरव्यातच कापायचं, तपकिरी लाकडात शिरायचं नाही. यू नावाचं झाड तेवढं जुन्या लाकडातूनही फुटतं. ड्युरांटा, कामिनी अशी रुंद पानांची झाडं बहुतेक वेळा माफ करतात, पण त्यांचंही एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नका.

कधी छाटायचं? नवी पालवी येऊन जरा पक्की झाली की. फुलांचं झाड असेल तर फुलं होऊन गेल्यावर. कडक थंडीच्या तोंडावर नाही, कोवळे कोंब करपतात, आणि रणरणत्या उन्हातही नाही, आतली सावलीतली पानं एकदम उघडी पडून भाजतात. ढगाळ दिवस बेस्ट. आणि आधी आत डोकावून बघा, घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत कात्री खाली.

आकार कसा, तर खाली रुंद, वर अरुंद. खाली अडीच फूट असेल तर वर दोन फूट. उलटं केलंत तर वरचा भाग सगळं ऊन खातो आणि खालून कुंपण उघडं पडतं. खाली रुंद, वर अरुंद. हत्ती, बदक, मोर करणाऱ्यांना माझा नमस्कार, मला ते बिचारं झाड फॅन्सी ड्रेसला उभं केल्यासारखं वाटतं, असो. त्या घरघरणाऱ्या मशीनबद्दल तर बोलतच नाही, मोठ्या पानांची अर्धी अर्धी चिरफाड करून ठेवते, तिथे सिकेटरने, म्हणजे एका हातात मावणाऱ्या छाटणीच्या कात्रीने, एकेक फांदी काढावी.

रोगट फांदी कापली की पातं स्पिरिटने पुसून मगच पुढच्या झाडाला लावा.

मामाचा तो कोपरा? कधीच भरला नाही. शेजारचं मांजर तिथूनच ये-जा करायचं आणि मामा दर वेळी माझ्याकडे बघायचा. बरंय, येतो, नमस्कार.