अर्जातलं दुसऱ्याच्या हातचं पान

(संशोधन फेलोशिपसाठी अर्ज करणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांपुढे आणि प्राध्यापकांपुढे दिलेलं व्याख्यान. बोलण्याचा ओघ कायम ठेवून थोडं संपादन केलं आहे.)

नमस्कार. विषय तुम्ही वाचलाच आहे: फेलोशिपसाठी प्रपोझल, म्हणजे संशोधनाचा प्रस्ताव, कसा लिहावा. त्यावर बोलणारच आहे, पण आधी पंधरा मिनिटं मला दुसऱ्या एका गोष्टीसाठी, शिफारसपत्रांसाठी, द्या. बरीच वर्षं ती मनात आहे, आणि ऐकायला इतकी माणसं एकदम समोर मिळत नाहीत.

यंदा अर्ज करणारे किती? हात वर करा. छान. आणि दुसऱ्यांच्या अर्जासाठी शिफारसपत्रं देणारे किती? बघा, काही हात दोन्ही वेळा वर गेले. त्या हातांनी आज जरा जास्त लक्ष द्या.

अर्जात काय काय असतं? प्रपोझल, सीव्ही, प्रकाशनांची यादी, होस्टचं, म्हणजे जिथे जाऊन काम करायचं तिथल्या संशोधकाचं, पत्र आणि दोन-तीन शिफारसपत्रं. प्रपोझलपासून यादीपर्यंत सगळीकडे आपणच आपल्याबद्दल बोलत असतो. समितीला आपल्याबद्दल, आपल्याला जवळून पाहिलेल्या माणसाच्या तोंडून ऐकायला मिळतं ते एवढ्या पत्रांतूनच. आणि नेमकं त्याच कागदाकडे आपलं सगळ्यांत कमी लक्ष असतं. प्रपोझलचे दहा-दहा खर्डे होतात. पत्रासाठी मात्र डेडलाइनच्या चार दिवस आधी एक मेसेज जातो: ‘सर, पोर्टलवरून लिंक येईल, प्लीज बघाल का.’

माझीच गोष्ट सांगते. पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मी एका फेलोशिपसाठी अर्ज करत होते. पत्र मागायला गाइडच्या खोलीत गेले. माणूस अतिशय सज्जन, माझ्या थिसिसचं प्रत्येक प्रकरण पेन्सिल हातात घेऊन वाचणारा. पण त्या दिवशी टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. मान वर न करता म्हणाले, “तूच लिहून आण, मी सही करतो.”

रात्री साडेदहाला लिहायला बसले. ‘अत्यंत मेहनती’ लिहिलं, खोडलं. ‘मेहनती’ लिहिलं, तेही खोडलं. स्वतःला किती चांगलं म्हणायचं, याचं माप कुणाकडेच नसतं. जास्त लिहिलं तर लाज वाटते, कमी लिहिलं तर आपलंच नुकसान. रात्री दोन वाजता मी एका सीनियरने आधी दिलेलं तिचं पत्र उघडलं, त्यातलं नाव बदललं, विषय बदलला आणि झोपले. सकाळी सरांनी सही केली, खाली शिक्का मारला. वाचलं नाही.

फेलोशिप मिळाली नाही. पत्रामुळेच मिळाली नाही असं मी म्हणणार नाही, प्रपोझलही कच्चं होतं. माझं दुखणं वेगळं आहे. त्याच्या वर्षभर आधी याच सरांनी एका रात्री मला फोन केला होता. माझ्या एका तक्त्यातली सातव्या ओळीची बेरीज जुळत नव्हती. मी मूळ नोंदी पुन्हा काढल्या. तीन दिवस ताडून बघितल्यावर लक्षात आलं की ज्या छापील पेपरवरून मी आकडे घेतले होते, चूक त्या पेपरमध्येच होती. आम्ही लेखकांना कळवलं आणि त्यांनी दुरुस्ती छापली. मी संशोधक म्हणून कशी आहे, हे सांगायला यापेक्षा चांगला प्रसंग माझ्या आयुष्यात तोवर घडला नव्हता. तो पाहिलेला माणूस एकच, सर. पण पत्र मी लिहिलं, आणि ते लिहिताना मला तो प्रसंग आठवलासुद्धा नाही. आपण काय केलं हे आपल्याला माहीत असतं. त्यात विशेष काय, हे बाजूला उभ्या असलेल्या माणसालाच दिसतं.

पुढे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले, निवड समितीत. एका वर्षी एकाच विभागातून तीन अर्ज आले. तिन्ही पत्रांचा दुसरा परिच्छेद शब्दशः एक, त्यातली स्पेलिंगची चूकही एक. एका पत्रात तर अर्जदार मुलगा, आणि शेवटाकडे ‘हिज’च्या जागी ‘हर’ राहून गेलेलं. टेबलाभोवती हशा पिकला. मला हसू आलं नाही, कारण ते वाक्य रात्री किती वाजता टाइप झालं असेल याचा मला अंदाज होता. त्या मुलाला कुणी बाद केलं नाही. पण त्या पत्राचं वजन शून्य धरलं गेलं, आणि उरलेल्या कागदांवर तो इतरांशी लढला.

म्हणून पत्र देणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: ‘तूच लिहून आण’ हे वाक्य सोडून द्या. वेळ नसेल तर नाही म्हणा. नाही म्हटलं तर तो मुलगा दुसऱ्या कुणाकडे तरी जाईल. न वाचता केलेली सही त्याची एक जागा अडवून बसते.

मग चांगलं पत्र कसं असतं? इथे लगेच कुणीतरी गणितज्ञ जॉन नॅशच्या पत्राचं नाव काढतं. १९४८ साली त्याचे प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठवलेलं ते जेमतेम तीन-चार वाक्यांचं पत्र: हा एकोणीस वर्षांचा आहे, जूनमध्ये पदवी घेतोय, आणि तो गणितातला जीनियस आहे. संपलं. मला हा दाखला आवडत नाही. असं पत्र फारच क्वचित खरं ठरतं. आपण त्याची नक्कल करतो तेव्हा आपल्या हाती नुसतं विशेषण उरतं, आणि आजच्या समितीपुढे प्रत्येक पत्रातला उमेदवार ‘आउटस्टँडिंग’च असतो.

मला आवडतं ते दुसरं पत्र, २६ फेब्रुवारी १९१३ चं. रामानुजन तेव्हा मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. पदवी नव्हती, पदवीच्या आधीच्या एफ.ए.च्या परीक्षेतच ते नापास झाले होते. हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर मद्रासला आले असताना त्यांना रामानुजनांचं काम दाखवण्यात आलं आणि त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या रजिस्ट्रारना लिहिलं. त्या पत्रात तीन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे वॉकर मोकळेपणाने कबूल करतात की गणिताच्या या शाखांत माझा विशेष अभ्यास नाही, त्यामुळे पक्का निवाडा मी देऊ शकत नाही. दुसरी म्हणजे तरीही ते तुलना करतात: स्वतंत्र प्रज्ञेच्या बाबतीत हे काम केंब्रिजच्या एखाद्या कॉलेजातल्या गणिताच्या फेलोच्या तोडीचं वाटलं. वॉकर स्वतः केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, आणि तिथल्याच ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. त्या तोडीचं काम कसं असतं, हे त्यांना आतून माहीत होतं. आणि तिसरी म्हणजे नेमकं काय हवं ते ते सांगतात: पोटाची चिंता न करता या माणसाला काही वर्षं पूर्ण वेळ गणित करता यावं, अशी सोय विद्यापीठाने करावी.

पदवी नसलेल्या माणसाला विद्यापीठाने दोन वर्षांसाठी दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. अट एकच मोठी: दर तीन महिन्यांनी कामाचा अहवाल. वॉकर यांच्या पत्रात एकही फुगवलेला शब्द नाही. मला किती दिसलं, कशाच्या तुलनेत दिसलं आणि आता काय करायला हवं, एवढंच आहे. पत्र लिहायला बसाल तेव्हा या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः मुलींसाठी पत्र लिहिताना. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी २००३ मध्ये एका अभ्यासात, अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात नेमणुका झालेल्या उमेदवारांची ३१२ शिफारसपत्रं तपासली. स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रं सरासरीने आखूड होती. त्यांत शंकेची पाल चुकचुकावी अशी वाक्यं जास्त होती, आणि कष्टाळूपणाचं कौतुक जास्त. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसणार. पण मुलासाठी ‘संशोधन’ आणि मुलीसाठी ‘मेहनत’ असं आपल्याही हातून होतंय का, हे पत्र पाठवण्याआधी एकदा बघा. मी माझी जुनी पत्रं काढून बघितली. होत होतं.

समितीही यातून सुटलेली नाही. स्वीडनमध्ये क्रिस्टिन वेनेरोस आणि ॲग्नेस वोल्ड या दोघींनी माहितीच्या कायद्याचा आधार घेऊन वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोस्टडॉक फेलोशिपचे गुणतक्ते मिळवले आणि १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापले. ११४ अर्ज, त्यात ५२ स्त्रिया. फेलोशिप २०, त्यात स्त्रिया ४. समान गुण मिळवायला स्त्रीला पुरुषाच्या अडीच पट काम दाखवावं लागत होतं. आणि समितीतल्या कुणाशी ओळखीचा धागा असेल तर जवळपास पुरुष असण्याइतकाच फायदा मिळत होता. ज्यांच्यामागे असा धागा नाही, त्यांच्यासाठी मन लावून लिहिलेलं पत्र काय मोलाचं असतं ते यावरून लक्षात घ्या.

आता अर्जदारांनो, तुमच्याकडे वळते. पत्र किमान सहा आठवडे आधी मागा. मागताना ‘पत्र द्याल का’ एवढंच विचारू नका. ‘माझ्याबद्दल भक्कम पत्र लिहिण्याइतकं माझं काम तुम्ही पाहिलंय का’ असं विचारा. समोरचा अडखळला तर आभार मानून निघा. हो म्हणाला तर प्रपोझलचा खर्डा द्या, सीव्ही द्या, आणि सोबत एक पान द्या. त्यावर विशेषणं नकोत, फक्त प्रसंग: कुठल्या सेमिनारमध्ये काय विचारलं, कुठला खर्डा कशामुळे बदलला, फील्डवर काय बिघडलं आणि कसं निभावलं. पत्र त्यांनीच लिहायचं. तुम्ही फक्त त्यांची आठवण जागी करायची.

प्राध्यापकमंडळी, आपल्यालाही पत्रं मागावी लागतात, आणि आपण जातो मित्रांकडे. त्याऐवजी तुमच्या कामाशी ज्यांनी वाद घातलाय त्यांच्यातल्या एखाद्याला विचारून बघा. ‘या निष्कर्षाशी मी सहमत नाही, पण हे काम झालं पाहिजे,’ असं वाक्य मी समितीत एकदा वाचलं होतं. त्या अर्जावर पुढे चर्चाच झाली नाही, तो सरळ निवडला गेला.

चिठ्ठी आली. बारा मिनिटं राहिली आहेत म्हणतात. बरं, प्रपोझल.

पहिल्या परिच्छेदात प्रश्न आला पाहिजे. विषय आणि प्रश्न यांत गल्लत करू नका. ‘स्थलांतर आणि शिक्षण’ हा विषय झाला. ‘वर्षातून दोनदा शाळा बदलणारी मुलं वाचायला कुठे अडतात’ हा प्रश्न. वाचणारा तुमच्या शाखेचा असेलच असं नाही, आणि त्या दिवशीचा तुमचा अर्ज त्याच्यापुढे पंधरावा असेल. पहिल्या पानावर प्रश्न सापडला नाही तर तो दुसऱ्या पानावर शोधत बसणार नाही.

मग: तिथेच का, आणि आत्ताच का. रसायनशास्त्रज्ञ लायनस पाउलिंग १९२६ मध्ये गुगेनहाइम फेलोशिपवर म्युनिकला भौतिकशास्त्रज्ञ झोमरफेल्ड यांच्याकडे गेले. क्वांटम यांत्रिकी, म्हणजे अणूंच्या पातळीवरचं भौतिकशास्त्र, तेव्हा नुकती आकार घेत होती, श्रोडिंगरचे पेपर त्याच वर्षी छापून येत होते, आणि पाउलिंगना ती रसायनाच्या बंधाला लावून बघायची होती. तिथेच का आणि आत्ताच का, दोन्हीचं उत्तर तयार होतं. ‘जगप्रसिद्ध विद्यापीठ, समृद्ध ग्रंथालय’ हे उत्तर होत नाही. कुठला संग्रह, कुठलं उपकरण, कुठला माणूस, ते लिहा. होस्टला एकच मजकूर वीस जणांना पाठवू नका. त्यांचा एक पेपर नीट वाचा, त्यातल्या एका जागेबद्दल खरी शंका विचारा, मग कामाचं बोला.

वेळापत्रक महिन्यांत मांडा, आणि त्यात एक जागा अशी ठेवा जिथे काम फसू शकतं. फसलं तर काय कराल तेही लिहा. समितीला यातून अनुभव दिसतो. पुष्कळ जण हे लपवतात आणि तिथेच गुण घालवतात. योजना पुढे बदलली तर घाबरू नका. खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर १९३० मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर भौतिकशास्त्रज्ञ फाउलर यांच्याकडे केंब्रिजला निघाले, आणि पांढऱ्या खुज्या ताऱ्यांच्या (व्हाइट ड्वार्फ) वस्तुमानाला मर्यादा आहे हे गणित त्यांनी बोटीवरच केलं, एकोणिसाव्या वर्षी. प्रपोझल म्हणजे करारपत्र नाही. पण तुम्हाला योजना आखता येते, हे त्यातून दिसायला हवं.

बजेट, एथिक्स, पात्रतेची वर्षं: नियमावली छापून घ्या आणि पेनाने खुणा करत वाचा. यावर जास्त बोलत नाही.

नकाराबद्दल मात्र बोलायलाच हवं. काठावरच्या अर्जांत खरोखर फारसा फरक नसतो. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका अनुदान योजनेत, किमान निकष पूर्ण करणाऱ्या अर्जांमध्ये चक्क चिठ्ठ्या टाकायला सुरुवात केली. आणि नेदरलँड्समधला २०१८ चा एक अभ्यास आहे. त्यात सुरुवातीच्या काळात काठाच्या जरा वर राहिलेल्यांना पुढच्या आठ वर्षांत, जरा खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून जास्त निधी मिळाला. का? एक कारण असं निघालं की खाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणंच कमी केलं. हे वाचलं तेव्हा मला माझं ते वर्ष आठवलं. त्यानंतर चार वर्षं मी कुठेच अर्ज केला नव्हता.

तेव्हा नकार आला की रिव्ह्यूअरचे शेरे मागा, आठवडाभर बाजूला ठेवा, मग उघडा आणि पुढच्या फेरीची तारीख लिहून ठेवा.

वेळ संपली. प्रपोझलचं पहिलं पान आणायला मी सांगितलं होतं. ज्यांनी आणलंय त्यांनी बाहेरच्या लांब टेबलापाशी थांबा. तुम्ही मोठ्याने वाचायचं, मी ऐकणार, आणि प्रश्न कुठल्या ओळीत आला तिथे खूण करणार. पत्र देणाऱ्यांपैकी कुणाला थांबता आलं तर तेही या. एकेकाजवळ एकेक जण बसू.