म्युकरचा संशय आणि केओएचची स्लाईड

(दृश्य: शस्त्रक्रियागृहातून आलेली छोटी बाटली)

२०२१ चा मे महिना. कोरोनाची दुसरी लाट ओसरत नव्हती, तोच महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत म्युकरमायकोसिसचे, म्हणजे 'काळ्या बुरशी'चे रुग्ण वाढू लागले. आधीच मधुमेह, त्यात स्टिरॉइड्स. नाकातून शिरलेली बुरशी सायनसमध्ये, तिथून डोळ्यापर्यंत पोहोचायची. ती रक्तवाहिन्यांतच घुसते. रक्तपुरवठा तुटतो आणि ऊती काळी पडते.

कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला काही दिवस लागतात, आणि अनेकदा त्यात काही उगवतच नाही. तेवढी सवड या रुग्णांना नसते. म्हणून आधी स्लाईड.

(दृश्य: स्लाईडवर थेंब पडतो)

ऊतीचा बारीकसा तुकडा आणि त्यावर दहा ते वीस टक्क्यांच्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब. प्रयोगशाळेत याला नुसतं केओएच म्हणतात. यात माणसाच्या पेशी विरघळत जातात. बुरशीची भिंत कायटिन आणि ग्लुकनची, ती टिकून राहते. थोडा वेळ थांबायचं, कव्हरस्लिप हलकेच दाबायची, प्रकाश कमी करायचा आणि बघायचं.

कधी जोडीला कॅल्कोफ्लोर व्हाइट घालतात. मुळात हे कापड आणि कागद शुभ्र दिसावा म्हणून वापरलं जाणारं रसायन. कायटिनला चिकटतं आणि अतिनील प्रकाशात निळसर पांढरं चमकतं. मात्र कापसाचा तंतूही तसाच चमकतो. त्यामुळे नुसत्या चमकेवर विसंबून चालत नाही, आकार ओळखावाच लागतो.

(दृश्य: मायक्रोस्कोपखाली तंतू)

हे बघा. रुंद, फितीसारखे, मुडपलेले तंतू. आडवे पडदे जवळजवळ नाहीत, फांद्या बऱ्याचदा काटकोनात. हा म्युकरचा गट. अस्परजिलस ही दुसरी बुरशी असती तर तंतू बारीक आणि एकसारखे दिसले असते, पडदे स्पष्ट, फांद्या साधारण ४५ अंशांत. औषध इथेच बदलतं. अस्परजिलसवर व्होरिकोनाझोल देतात. म्युकरवर ते चालत नाही. तिथे अँफोटेरिसिन बी हवं आणि सडलेला भाग काढणारी शस्त्रक्रिया हवी. हे सांगणारी स्लाईड तासाभरात तयार होते, आणि तिला दुय्यम तपासणी समजणं मला अजिबात पटत नाही.

पुढे पॅथॉलॉजीत पीएएस या रंजनाने बुरशीची भिंत किरमिजी दिसते, तर ग्रोकॉट यांनी १९५५ मध्ये बुरशीसाठी रुळवलेल्या चांदीच्या रंजनाने हिरव्या पार्श्वभूमीवर काळी. पण म्युकर चांदी नीट घेईलच असं नाही. मग हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंजनाची स्लाईडच जास्त सांगून जाते.

(दृश्य: दोन बाटल्या)

एवढं सगळं नमुन्यावर अवलंबून. अख्खा तुकडा फॉर्मालिनमध्ये, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणात गेला की बुरशी मरते, कल्चर संपलं. म्हणून एक भाग फॉर्मालिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये. सलाइनमधला तुकडा कल्चरसाठी कुटायचा नाही, बारीक कापायचा. पडदे नसलेले तंतू कुटल्यावर जगत नाहीत. आणि सोबतच्या अर्जावर 'बुरशीची शंका' असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे बाटली पोहोचताच केओएचची तपासणी सुरू होते.