पैसे घेऊन आलेल्यांना दगड का मारले?

एडिंबरा, ऑगस्ट १७०७. घोडदळाच्या पहाऱ्यात लंडनहून गाड्या येतायत, आत पैसे आहेत, तेही स्कॉटलंडला द्यायचे, आणि रस्त्यावरचे स्कॉटिश लोक त्या पहारेकऱ्यांना दगड मारतायत. पैसे द्यायला आलेल्याला दगड, बोला आता!

त्याचं असंय, तेव्हा युरोपातल्या राज्यकर्त्यांच्या डोक्यात एक हिशोब पक्का बसलेला, जगातला व्यापार म्हणजे एकच भाकरी, तू जास्त तोडलीस की माझ्या ताटात कमी. म्हणून माल बाहेर विकायचा, सोनं-चांदी घरात आणायची आणि आपल्या वसाहतींत परक्याला शिरू द्यायचं नाही. हाच तो व्यापारवाद, मर्कंटिलिझम. १६०३ पासून इंग्लंड-स्कॉटलंडचा राजा एकच होता, पण पार्लमेंट वेगवेगळी, त्यामुळे इंग्लंडच्या नेव्हिगेशन कायद्यांत, म्हणजे वसाहतींशी व्यापार परक्यांना बंद करणाऱ्या कायद्यांत, स्कॉटिश व्यापारी परकाच ठरला, राजा आपला पण बाजार बंद.

मग स्कॉटलंडने ठरवलं, आपणही तेच करू, आपली कंपनी, आपली वसाहत. १६९५ ला कंपनी निघाली. लंडनमधूनही पैसा येत होता पण ईस्ट इंडिया कंपनीने तिथे असा काही दबाव आणला की गुंतवणूकदार पळालेच, तेव्हा एकट्या स्कॉटलंडने ४ लाख पौंडांचे शेअर घेतले, सरदारांपासून दुकानदारांपर्यंत सगळ्यांनी. जागा निवडली पनामातली डेरियन. कल्पना विल्यम पॅटरसनची, बँक ऑफ इंग्लंड काढण्यात पुढे होता तोच हा माणूस. १६९८ च्या जुलैत लीथ बंदरातून ५ जहाजं, साधारण १२०० माणसं निघाली. तिथे काय, पाऊस, दलदल, ताप, आणि विकायला नेलेला माल घ्यायला गिऱ्हाईकच नाही. पॅटरसनची बायको तिथेच गेली. जवळच्या इंग्लिश वसाहतींना राजाचा हुकूम, यांना काही द्यायचं नाही. तो राजा स्कॉटलंडचाही होता बरं का! दुसरी तुकडी गेली, ती १७०० मध्ये स्पॅनिश सैन्याला शरण आली. दोन्ही मिळून २००० च्या आसपास माणसं मेली आणि पैसा सगळा बुडाला.

त्यात १६९० च्या दशकातला दुष्काळ होताच. वर १७०५ मध्ये इंग्लंडने एलियन अॅक्ट काढला, विलीनीकरणाची बोलणी करा, नाहीतर तुमची गुरं, लिनन कापड, कोळसा आमच्याकडे बंद. सरळ नाक दाबलं!

शेवटी दोन्ही देश एक करायचा करार झाला. त्यात २५ कलमं, त्यातली बरीचशी व्यापार, कर आणि नाण्यांचीच. चौथ्या कलमाने वसाहतींचा बाजार उघडला आणि पंधराव्याने स्कॉटलंडला ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग द्यायचे ठरले, गाड्यांतून आले ते हेच पैसे, शिलिंगपर्यंत हिशोब! त्यात इंग्लंडच्या जुन्या कर्जाचा बोजा उचलायची भरपाई होती आणि डेरियनमध्ये बुडालेल्यांना मुद्दल अधिक ५ टक्के व्याज. बदल्यात कंपनी बंद, आणि स्कॉटलंडचं पार्लमेंटही. शेअर बुडालेले बरेच जण त्याच पार्लमेंटात बसले होते हे लक्षात घ्या. बाहेर दंगली चालू असताना आत ११० विरुद्ध ६७ ने ठराव पास. १ मे १७०७ ला ग्रेट ब्रिटन झालं, आपल्याकडे नगरला औरंगजेब वारला त्यानंतर साधारण दोन महिन्यांनी.

दगड मारणाऱ्यांचं म्हणणं एवढंच, देश विकलात. पैसे मिळणारे वेगळे, आणि मीठ-माल्टवरचे कर भरणारे वेगळे, त्यामुळे मला तरी त्यांचा राग समजतो.

ग्लासगोचे व्यापारी पुढे तंबाखूवर गबर झाले. आणि जिने लंडनमधून यांचा पैसा पळवून लावला त्याच ईस्ट इंडिया कंपनीत स्कॉटिश पोरं नोकरीला लागली, थोडीथोडकी नाही, भरपूर. पेशवाईच्या शेवटी पुण्यात रेसिडेंट असलेला आणि मग मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन, तो त्यातलाच एक.